सोमवारचा फोन आणि भुशाची बादली

अहो, तिथं नका ठेवू ती पिशवी, फोन झाकला जातो! इकडे ठेवा, या खुर्चीवर... आणि तुम्ही त्या खुर्चीवर नका बसू, ती लहान मुलांची आहे, खाली बसता येतं पण उठता येत नाही, मी एकदा बसलो होतो तर दोघा शिक्षकांनी ओढून काढलं मला. हां, इथं बसा. तुमच्या लेकराची नर्सरी दोनला सुटते, म्हणजे अजून चाळीस मिनिटं आहेत, आणि तुम्हाला सांगतो, या चाळीस मिनिटांत या ऑफिसात कोणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही. का म्हणजे? आज वार कोणता? सोमवार ना? मग झालं तर. फोन सोमवारीच येतो.

मी तसा कमी बोलणारा माणूस. विचारा हवं तर ग्लेनिसला, ही काय टेबलामागे बसलीय, बावीस वर्षं या ऑफिसात आहे. ती म्हणते, "विल्फ, तू अडतीस वर्षांत जेवढं बोलला नाहीस तेवढं गेल्या सहा महिन्यांतल्या सोमवारी बोललास." खरं आहे ते. काय होतं, मी गप्प बसलो की मला तो फोन ऐकू येतो. वाजत नसतो, तरी ऐकू येतो. न वाजणाऱ्या फोनचासुद्धा एक आवाज असतो, तुम्हाला पटणार नाही, पण बॉयलरपाशी इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळतं, कुठली गोष्ट गप्प आहे आणि कुठली दबा धरून बसलीय.

तो कपाटावरचा डबा बघा. आल्याची बिस्किटं. झाकणाला चिकटपट्टी लावलीय. सोमवारी सकाळी साडेनऊला ग्लेनिस ती लावते आणि दोनचा ठोका पडला की काढते, कारण 'उद्या शाळा तपासायला येतो' असा तपासणीवाल्यांचा फोन साडेनऊ ते दोनच्या मधेच येतो, दोननंतर येत नाही, तसा नियमच आहे. दोन वाजले, फोन आला नाही, की सगळे शिक्षक एकेक करून येतात, एकेक बिस्किट घेतात, नुसता कुडुमकुडुम आवाज... आणि मग आठवडा सुरू होतो. एकदा एक बदली शिक्षिका आली होती, नवीन, बिचारीला काय माहीत, तिनं एक वाजून चाळीस मिनिटांनी तो डबा उघडला. अहो, सगळे तिच्याकडे असे बघायला लागले, जशी काही तिनं गॅसची तोटी उघडली! फोन नाही आला त्या दिवशी. पण तिलाही पुन्हा नाही बोलावलं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी फोन कधीही यायचा, सोमवार म्हणू नका, बुधवार म्हणू नका. मग वरती कोणाच्या तरी लक्षात आलं की शिक्षक माणसं यानं आजारी पडतात, झोप उडते त्यांची, काही जण तर... जाऊ दे. तर त्यांनी सुधारणा केली. शिक्षकांच्या मनाला आराम पडावा म्हणून फोन फक्त सोमवारी. छान झालं! पूर्वी आम्ही पाच दिवस थोडं थोडं घाबरायचो, आता पाच दिवसांचं सोमवारी एकदम घाबरतो. रविवारी दुपारी भाजलेलं मटण पुढ्यात येतं आणि घास तोंडात नुसता फिरत राहतो. आराम!

तुम्हाला प्रायडी सर आठवतात? तुम्ही नवीन असाल गावात. आमचे आधीचे मोठे सर, चौदा वर्षं होते. उंच माणूस, दारातून जाताना वाकायचे, आणि मुलांशी बोलताना पार गुडघ्यावर बसायचे, म्हणून त्यांच्या सगळ्या पँटी गुडघ्यावर पांढऱ्या. तेव्हा तपासणी झाली की शाळेला एकच शब्द मिळायचा. ठरलेल्या चार शब्दांतला एक. सगळी शाळा, दोनशे दहा मुलं, स्वयंपाकघर, बाग, ती कोंबड्यांची खुराडी, सगळं मिळून एक शब्द! आमचा शब्द होता 'चांगली'. तो एका मोठ्या कापडी फलकावर छापून फाटकावर लावला होता, मीच लावला होता, समुद्रावरचा वारा असा येतो इथं की आठ दोऱ्या लागल्या. आणि मग ते आले, दोन दिवस हिंडले, आणि शब्द बदलून गेले. कुठला नवा शब्द दिला ते मी अजून तोंडानं उच्चारत नाही.

तो फलक उतरवायला हवा ना? प्रायडी सर म्हणाले, "विल्फ, आजच उतरव, खोटं कशाला टांगून ठेवायचं." मी म्हटलं, मुलं घरी गेल्यावर उतरवतो. तर म्हणाले, "नको, चोरून केल्यासारखं होईल." आणि शाळा सुटायच्या वेळी, सगळे आईबाप फाटकाशी उभे, मी शिडीवर, आणि खाली शिडी कोणी धरली असेल? त्यांनीच. वरून मला त्यांचं टक्कल दिसत होतं, आणि त्यावर पाऊस पडत होता, आणि ते मला सांगत होते, "सावकाश विल्फ, दोऱ्या कापू नकोस, सोड, परत लावायचाय आपल्याला." आठही गाठी मी बोटांनी सोडल्या. फलक घडी घालून बॉयलरच्या खोलीत ठेवलाय. अजून तिथंच आहे. सर महिन्याभरात गेले. गेले म्हणजे नोकरीतून. आता खाडीपलीकडे राहतात बहिणीकडे, मी जातो अधूनमधून, बरे असतात, टोमॅटो लावतात... फक्त घरातला फोन त्यांनी काढून टाकलाय. तार भिंतीतून ओढून काढली आणि भोकात सिमेंट भरलं. स्वतः भरलं. माणूस गुडघ्यावर बसून मुलांना अक्षरं शिकवायचा, तो गुडघ्यावर बसून भिंतीत सिमेंट भरत होता, असं त्यांची बहीण सांगत होती. मी म्हटलं, सिमेंट चांगलं बसलंय.

...किती वाजले? एक चोवीस. हं.

तर मग आमच्या रोविना बाई मोठ्या बाई झाल्या. त्या काय, त्या काचेपलीकडे बसल्यात, हिरवा स्वेटर. बघू नका असं, त्यांना कळतं. या बाईंना मी त्या पाच वर्षांच्या असल्यापासून ओळखतो. याच शाळेतल्या! आणि पाच वर्षांच्या असताना ही पोर काय करायची, तर भडाभडा उलट्या. घाबरली की उलटी. नाताळच्या नाटकात मेंढी झाली होती, अंगाला कापूस चिकटवलेला, आणि पडदा सरकायच्या आधी तिचा हात गेला डाव्या कानाकडे. कान असा मुठीत धरला. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण दोन-तीनदा झाल्यावर कळलं, डावा कान धरला की मोजून तीस आकडे, मग उलटी. म्हणून मी भुशाची बादली तयार ठेवायचो. लाकडाचा भुसा, सुताराकडून आणतो, उलटीवर टाकला की सगळं शोषून घेतो, वासही जातो. आता त्या वासाच्या पुड्या मिळतात बाजारात, पण मी भुसाच वापरतो, पुडीला लिंबाचा वास येतो आणि मग मुलांना जन्मभर लिंबू नकोसं होतं. तर उलटी झाली की ही पोर दर वेळी मान खाली घालून म्हणायची, "सॉरी, मिस्टर गार्साइड." मी म्हणायचो, "त्यात काय पोरी, भुसा कशाला आणलाय मग?"

आता ती एक्केचाळीस वर्षांची आहे, अडीचशे माणसांची शाळा चालवते, मला विल्फ म्हणते आणि मी तिला बाई म्हणतो. असंच पाहिजे. पण फोन सोमवारीच येतो.

आणि आला! गेल्या फेब्रुवारीत, अकरा वाजून दहा मिनिटांनी. मी याच ऑफिसात शिडीवर होतो, दिवा बदलत होतो. ग्लेनिसनं फोन उचलला आणि तिच्या गालावरची लाली अशी उतरली, जसं काही कोणी बूच काढलं. "बाई... तुमच्यासाठी." बस. सगळ्या शाळेला कळलं. कसं कळतं कोण जाणे! स्वयंपाकघरात कस्टर्ड ढवळणाऱ्या बाईनं ढवळणं थांबवलं, आणि एकदा कस्टर्ड ढवळणं थांबलं की त्याचं काय होतं तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी मुलांनी ते सुरीनं कापून खाल्लं.

तर आता नवी सुधारणा ऐका. एक शब्द गेला. रद्द! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका शब्दाऐवजी आता काय? अहवालात सहा खाने आणि प्रत्येक खान्याला पाच रंगांतला एक रंग. मला सांगा, डोक्यात एक वीट पडण्याऐवजी सहा विटा पडल्या आणि प्रत्येक वेगळ्या रंगाची असली, तर डोक्याला काय तो आनंद? आणि त्यातला एक खाना खास शिक्षकांच्या तब्येतीचा. म्हणजे शिक्षक खूश आहेत का, मनानं बरे आहेत का, हेसुद्धा आता तपासणार! आणि तिसरी सुधारणा म्हणजे साथीदार. मोठ्या बाईंनी एका माणसाचं नाव द्यायचं, तो दोन्ही दिवस त्यांच्याजवळ बसणार, त्यांना धीर द्यायला. नाव कधी द्यायचं? तिथंच, फोनवर, लगेच.

खरं तर आमच्या उपमुख्याध्यापिकेचं नाव द्यायला हवं होतं. पण ती रजेवर होती. कशाची रजा? ताणामुळं. तपासणीच्या! म्हणजे बघा. तर बाई फोन धरून उभ्या, पलीकडून विचारताहेत, "साथीदाराचं नाव?" बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग वर पाहिलं. वर मी होतो, हातात दिवा. "विल्फ गार्साइड." पलीकडून विचारलं, "हुद्दा?" बाई शिडीकडे बघून म्हणाल्या, "इमारत आणि परिसर." ग्लेनिस इतक्या घाबरलेल्या अवस्थेतसुद्धा खुदकन हसली. "अरे वा विल्फ, शिडीवर चढलास शिपाई आणि उतरलास परिसर होऊन!"

मी नंतर बाईंना म्हटलं, "अहो बाई, मी पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस, मला कुठं बसवता?" तर म्हणाल्या, "विल्फ, या शाळेत घाबरत नाही असा एक माणूस तुम्ही." मी? मला बॉयलरची भीती वाटते, वाऱ्याची वाटते, कोंबड्यांच्या त्या लाल कोंबड्याची तर फारच वाटते! पण तिच्या तोंडाकडे बघून हे सांगावंसं वाटलं नाही.

मग साथीदारासाठी एक कागद आला, नियमांचा. मी वाचायला सावकाश, मला दोन तास लागले. साथीदारानं बोलू नये. मान हलवू नये. चेहऱ्यावर मत दाखवू नये. मुख्याध्यापिकेला त्रास होत असल्याचं दिसलं तर एकच शब्द उच्चारावा, 'विराम'. की तपासणी थांबणार. आणि मग त्रासाच्या लक्षणांची यादी, चौकटी केलेली: रडणे, बोलणे अचानक थांबणे, खोली सोडून जाणे, इतर. मी बॉयलरच्या खोलीत जाऊन सराव केला. विराम. विराम! विरा...म. बॉयलर माझ्याकडे बघत होता. ग्लेनिस दारात आली, म्हणाली, "कोणाला बोलावतोयस?"

फोनच्या दुसऱ्या दिवशी ते आले. ड्रेवेट नावाचे साहेब, आणि एक बाई होत्या, त्या वर्गांतून फिरत राहिल्या. ड्रेवेट साहेब अगदी मऊ बोलणारे. बूटही मऊ, पाऊल वाजायचं नाही, मागून यायचे आणि एकदम, "सुंदर बाग आहे हो." हसायचे. त्यांना हसायला शिकवलंय, तीही सुधारणाच आहे. पण तुम्हाला सांगतो, पूर्वीचे न हसणारे बरे होते. कुत्रा भुंकतोय तोवर माणसाला कळतं की कुत्रा कुठं आहे.

आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ. दर तासाला टिंग व्हायचं. टिंग झालं की साहेब हातातलं सगळं थांबवायचे, मान तिरकी करायचे आणि विचारायचे, "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?" बाई म्हणायच्या, "हो." की एका कागदावर खूण. दर तासाची खूण. पहिल्या दिवशी सहा खुणा. सहा वेळा बऱ्या! मी कोपऱ्यात, मान न हलवता, चेहऱ्यावर काही न दाखवता बसलेला. मला तर वाटतं माझा चेहरा त्या दिवशीपासून नीट सैल झालाच नाही.

बादली? बादली मी दाराबाहेर ठेवली होती. का ठेवली, मला विचारू नका. सकाळी उठलो, सुताराकडचा भुसा भरला, आणि आपोआप हात तिकडे गेला.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सव्वा दोन. बाईंच्या खोलीत आम्ही तिघं. साहेबांनी वाचनाचे आकडे काढले. "बाई, दुसरीतल्या अकरा मुलांना अजून वाचता येत नाही, याचा मी काय अर्थ काढावा?" बाईंनी उत्तर द्यायला सुरुवात केली. त्या अकरा जणांपैकी प्रत्येकाचं नाव तिला माहीत आहे हो! कोणाचे वडील बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत, कोणाला चष्मा नाही, कोण तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या देशातून आलंय. ती एकेक सांगत होती आणि साहेब मऊपणे म्हणत होते, "हो, हो, पण आकडा अकराच राहतो ना?" पुन्हा सांगितलं. "हो, पण अकराच ना?" आणि टिंग. "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?" "हो." खूण. "तर, अकरा."

आणि बाईंचा हात टेबलावरून उचलला गेला. सावकाश. केसांकडे जातोय असं वाटलं. पण केसांकडे नाही गेला. डावा कान. मुठीत.

छत्तीस वर्षं मधे गेलीच नाहीत असं झालं. समोर मेंढी बसलेली, कापूस चिकटवलेली. मी मनात आकडे मोजायला लागलो. एक, दोन... आणि म्हटलं, "विराम!" फार मोठ्यानं म्हटलं गेलं. साहेबांचं पेन पडलं.

साहेब म्हणाले, "मिस्टर गार्साइड, कोणत्या लक्षणावरून?"

"डावा कान." सात, आठ.

त्यांनी यादी पाहिली. "रडणे... बोलणे थांबणे... कान यादीत नाही."

म्हटलं, "साहेब, यादी लिहिणाऱ्यानं बाईंना पाचव्या वर्षी पाहिलेलं नाही." बारा, तेरा.

साहेब माणूस वाईट नव्हता, मी खोटं बोलणार नाही. म्हणाले, "ठीक आहे, 'इतर'मध्ये लिहू या. डावा कान... माफ करा, वेळ किती झाली? दोन चोवीस. विराम मान्य." मी उठलो आणि दाराकडे धावलो. अठरा, एकोणीस. आणि साहेब मागून म्हणतात कसे, "मिस्टर गार्साइड, एक सांगायला हवं, नियम सात. साथीदार खोलीबाहेर गेला की विराम संपतो."

आता सांगा! मी आत थांबलो तर बादली बाहेर, आणि बाहेर गेलो तर बाई उघड्यावर! हा नियम ज्यानं केला त्यानं आयुष्यात कधी उलटी पाहिली नसेल, नुसती जेवणंच पाहिली असतील. मी उंबरठ्यावर एक पाय आत ठेवला, एक बाहेर, आणि हात लांबवला... अहो, एकाहत्तर वर्षांचा हात किती लांबणार? दोन इंच कमी पडले. पाय उचलला. आणि मागून तो मऊ आवाज, "तर बाई, आपण अकरावर होतो..."

एका सेकंदानं हुकलो. एका! बादली घेऊन वळलो तेव्हा झालं होतं. आणि झालं कुठं, तर नेमकं त्या कागदावर, खुणांच्या. बऱ्या, बऱ्या, बऱ्या, सगळ्या बऱ्यांवरून. बाईंनी मान खाली घातली आणि अगदी बारीक आवाजात, तिच्या आताच्या आवाजात नाही हो, तेव्हाच्या... "सॉरी, मिस्टर गार्साइड."

छत्तीस वर्षांनी. मला मिस्टर गार्साइड.

मी भुसा टाकत राहिलो. गरजेपेक्षा खूप टाकला. टेबल दिसेना. म्हटलं, "त्यात काय पोरी, भुसा कशाला आणलाय मग?" एवढंच सुचलं. नियमात हे बोलायला परवानगी होती की नाही, मी पाहिलं नाही.

नंतर ड्रेवेट साहेब बाहेर, त्या कोंबड्यांपाशी उभे होते, एकटे. मी बादली धुवायला गेलो. ते हसत नव्हते, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा बरा वाटला. म्हणाले, "मीसुद्धा मुख्याध्यापक होतो. नऊ वर्षं. सकाळी शाळेत शिरण्याआधी गाडी वळणावर थांबवायचो आणि गाडीतच बसायचो दहा मिनिटं, स्टिअरिंग धरून." म्हटलं, "मग साहेब, हे काम कशाला धरलंत?" ते कोंबड्यांकडे बघत म्हणाले, "मिस्टर गार्साइड, फोन घेण्यापेक्षा फोन करणं सोपं असतं हो."

मी त्या रात्री काही विचार केला नाही. पण अजून डोक्यातून जात नाही ते वाक्य. म्हणजे तिकडे फोन करणारे बसलेत ते सगळे इकडून पळून गेलेले?

...एक त्रेचाळीस. ग्लेनिस, तो डबा नीट आहे ना? नाही, नुसतं विचारतोय.

मग अहवाल आला. सहा खाने. पाच हिरवे! ऐकताय का, पाच हिरवे, वाचन धरून! त्या अकरांचीसुद्धा नीट दखल घेतलेली. बाग सुंदर, असंही लिहिलं होतं. आणि माझंही होतं एक वाक्य, ग्लेनिसनं मला तीनदा वाचून दाखवलं: 'परिसर विभागाने भुसा तत्परतेने उपलब्ध केला, हे उल्लेखनीय आहे.' या शाळेला अडतीस वर्षांत मिळालेली सगळ्यांत मोठी शाबासकी, आणि मिळाली कशाला, तर भुशाला. आणि सहावा खाना? शिक्षकांच्या तब्येतीचा? नारिंगी. 'लक्ष हवे.' खाली कारण लिहिलं होतं, ते मी पाठ केलंय: 'मुख्याध्यापिकेची प्रकृती तपासणीमुळे नव्हे, तर तपासणीदरम्यान बिघडल्याचे दिसून आले. शाळेने त्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी पुरेसे उपाय केलेले नाहीत.'

म्हणजे कळलं का तुम्हाला? बाईंना तपासणीनं आजारी पाडलं, म्हणून बाई नापास! आणि उपाय काय? बाईंची तब्येत सुधारली का, हे बघायला सहा महिन्यांनी परत येणार. तपासायला. फोन करून. आणि फोन सोमवारीच येतो.

सहा महिने गेल्या आठवड्यात पुरे झाले.

आता बाई सोमवारी काही खात नाहीत. मी सकाळी चहा नेतो, कप आत जातो भरलेला आणि बाहेर येतो भरलेला. परवा मला म्हणाल्या, "विल्फ, प्रायडी सर टोमॅटो कुठले लावतात हो?" अगदी सहज विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. मला माहीत आहे. पण नाही सांगितलं, का सांगू? आज टोमॅटो विचारते, उद्या सिमेंट विचारेल.

आणि मी निवृत्त व्हायचं ठरवलं होतं ना उन्हाळ्यात, घड्याळसुद्धा द्यायचं ठरलं होतं मला, ते ग्लेनिसच्या खणात पडलंय. मी जाऊ कसा? कान कोणाला दाखवून जाऊ? ग्लेनिसला शिकवलं मी, "बघ, असा डावा." ती म्हणते, "विल्फ, मला तिचा कान दिसत नाही, मला नुसता फोन दिसतो."

त्यांनी एक कागद पाठवला होता, सुधारणा सुचवा म्हणून. सगळ्यांना पाठवला. मी लिहिलं. चार दिवस लागले मला. लिहिलं की, फोन करू नका. नुसते या. फाटकाशी मला हाक मारा, मी चहा देईन, मग एक पूर्ण दिवस काही न लिहिता बसा, माणसं बघा. कोण घाबरलं की काय करतं ते बघा. ते कळेपर्यंत कागद काढू नका. पाठवलं. उत्तर आलं, छापील: 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. आपण बरे आहात अशी आशा आहे.'

एक एक्कावन्न. आता नऊ मिनिटं. वारा पडलाय बघा, खिडकीची काच वाजायची थांबली. मला आवडत नाही वारा असा एकदम पडला की. आवाज बंद झाले की माणूस...

वाजला.

वाजला ना? तुम्हीही ऐकलंत ना? हलू नका. कोणी हलू नका. ग्लेनिस, उचल. उचल बाई, चौथ्यांदा वाजतोय, पाचव्यानंतर तिकडे लिहून घेतात, उशीर केला म्हणून... उचलला. "हो. हो, हीच शाळा. ...कोणाशी? ...थांबा हं."

काचेत बघा. नाही, तुम्ही नको, मी बघतो. उभ्या राहिल्यात. हात... हात वर जातोय. केस, केस, केसांकडे जा गं पोरी, केसांकडे... कान. एक. दोन. सरा, सरा बाजूला, ती पिशवी काढा, बादली इथंच आहे माझी, फोनखालीच ठेवतो मी हल्ली... बाई, आलो! नऊ, दहा... घ्या. ही धरा. असं. मी आहे इथं. आज मी वेळेत आलोय, बघा. वीस. एकवीस. श्वास घ्या. कोणाचा फोन, ग्लेनिस? बोल ना!

काय?

माझ्यासाठी?

...अहो बाई, सोडा कान. सोडा. माझा फोन आहे. खरंच माझा. बसा तुम्ही, बादली असू द्या मांडीवर, कुठं जायचंय तिला.

हॅलो. हो, विल्फ बोलतोय. ...कोण, सुताराकडून? हो. हो, भुसा संपत आलाय. ...नेहमीएवढाच म्हणतोस? नाही रे बाबा. दुप्पट पाठव. हो, दोन पोती. का म्हणजे, लागतो. आणि ऐक, एवढं कर माझ्यासाठी, परत कधी सोमवारी फोन करू नकोस. मंगळवारी कर. मंगळवारी आम्ही माणसात असतो.